बत्ती बढाओ

मागच्या वर्षी तुम्ही दोघं इथे राहायला आला होतात, तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. झोपायच्या वेळी मी बटणावर हात ठेवून मोठ्यांदा म्हणायची, "विझवते." तुमच्यापैकी कुणी "विझव" म्हणेपर्यंत बटण दाबायची नाही, आणि दाबल्यावर "विझला" असं तुमच्याकडून वदवून घ्यायची. धाकटीला तो खेळ वाटला. थोरल्याने विचारलं, "आजी, तू पूर्वी विमान चालवायचीस का?" तुमची आई मात्र दारातून म्हणाली, "अगं, निदान पोरांसमोर तरी दिवा मालव म्हण. विझवणं काय!"

ती लहानपणापासून हे ऐकत आली आहे आणि तिला ते अजून आवडत नाही. तिचं चूक नाही. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत. मालवतात, शांत करतात, फार तर घालवतात. विझते ती चिता.

ही सवय मला एका माणसामुळे लागली. तुमच्या आईलाही मी त्याच्याविषयी कधी नीट सांगितलेलं नाही. सांगायला लागले की ती मध्येच उठून जाते. म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्हाला अक्षर लागलं नाही तर तिच्याकडूनच वाचून घ्या, म्हणजे तिला उठता येणार नाही.

आधी जागा सांगते. माझे वडील अंबरनाथला एका कारखान्यात अधिकारी होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. मी इंटरपर्यंत शिकले होते, टायपिंगची परीक्षाही दिली होती, आणि लग्न ठरेपर्यंत उशांच्या अभ्र्यांवर फुलं भरत बसायची माझी तयारी नव्हती. वडिलांच्या ओळखीने उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमध्ये इंग्रजी पत्रं लिहायचं काम मिळालं. तो कारखाना म्हणजे लढाईच्या काळात लष्कराने बांधलेल्या एका बराकीचा अर्धा भाग. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना सरकारने अशा बराकींमध्ये आणून ठेवलं होतं. एका अर्ध्यात हातांनी चालवायची दोन दाबयंत्रं, बेकलाइटच्या, म्हणजे जुनी काळी बटणं ज्याची असत त्या कडक प्लॅस्टिकच्या, भुकटीची पिंपं आणि माझं टाइपरायटरचं टेबल. पोत्यांच्या पडद्यापलीकडे दुसऱ्या अर्ध्यात मालक आणि त्यांची म्हातारी आई राहत.

मालकांना सगळे साईं म्हणत. सिंधी लोक मोठ्या माणसाला असंच म्हणतात. नव्या माणसाने त्यांना 'शेठ' म्हटलं की ते आपला कुडता चिमटीत धरून दाखवत. "सेठ वो होता है जिसके पास दूसरा हो." उंच, पाठीत वाकलेले, आणि भुवयांत कायम ती तपकिरी भुकटी बसलेली. सिंधमध्ये सक्करला त्यांचं कंदिलांचं आणि गॅसबत्त्यांचं दुकान होतं. इथे येऊन त्यांनी विजेचं सामान करायला घेतलं, आणि विजेविषयी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "तार अंधी होती है, बेटी. किसी को पहचानती नहीं."

त्यांच्या कारखान्यात शिव्या चालत, बिड्या चालत, पण अशुभ शब्द चालत नसे. बल्ब तिथे कधी गेला नाही. बल्ब 'सो गया'. बोहनी झाली नाही तर बाजार 'सोच रहा है'. संध्याकाळी काम बंद होत नसे, "काम बढाओ" अशी हाक येई. आणि दिव्याचं तर विचारूच नका. दिवा लावायचा म्हणजे "बत्ती जगाओ". घालवायचा म्हणजे "बत्ती बढाओ".

एका नव्या कामगाराने पहिल्याच दिवशी सहज विचारलं, "साईं, बत्ती बुझा दूँ?" साईंनी त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं, पायरीखाली उभं केलं, तोंड धुवायला लावलं, आणि दारातून पुन्हा आत यायला सांगितलं, जणू तो आत्ताच पहिल्यांदा येतो आहे. तो बिचारा आत येऊन नमस्कार करून म्हणाला, "काम पे आया हूँ." साईं म्हणाले, "आओ. अभी काम बढाने का टाइम हुआ."

मला मात्र 'बढाओ' समजायला एक क्षणही लागला नाही. कुठल्याही मराठी मुलीला लागला नसता. बांगडी फुटली तर आपण 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. देवापुढचा नारळ फोडत नाही, वाढवतो. घरी येऊन मी आईला साईंच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली तर ती हसली नाही. "शहाणा दिसतो तुझा मालक," एवढंच म्हणाली.

या सगळ्याचं मूळ सक्करच्या घरात होतं. निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढलं, साईं कुलूप लावायला वळले, तर त्यांची आई उंबऱ्यावर बसून राहिली. देवाजवळचा दिवा जळत होता. तो घालवून निघायचं तिला मान्य नव्हतं. आपल्या हाताने घरातला दिवा घालवला की घर मेलं, असं ती म्हणाली. शेवटी तिने दिव्यात काठोकाठ तेल ओतलं, वात पुढे सारली, आणि जळत्या दिव्यावर साईंनी दार लावून घेतलं.

मी कामाला लागले तेव्हा या गोष्टीला काही वर्षं होऊन गेली होती. तरी साईं ती वर्तमानकाळात सांगत. दुपारी चहा पिताना, कुणी विचारलेलं नसताना, म्हणत, "मेरे घर में बत्ती जल रही है." शेजारच्या बराकीतला मिठाईवाला एकदा म्हणाला, "साईं, इतने साल कौन सा तेल चलता है? हमको भी दिलाओ." त्यानंतर साईंनी त्याच्याकडची मिठाई कधी घेतली नाही. वाट वाकडी करून कॅम्प तीनच्या बाजारातून आणत, पण त्याच्याकडून नाही.

मिठाई लागायची ती लग्नांसाठी. ही लग्नं समजायची तर आधी त्यांचा माल समजायला हवा. त्या काळी मांडवात दिव्यांच्या माळा जोडायच्या म्हणजे वायरमन तारांची टोकं दाताने सोलत, एकमेकींना पीळ देत आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळत. पट्टी सुटली आणि कुणी कनातीला टेकलं की संपलं. साईंनी बेकलाइटचा एक जोड काढला होता. एका तुकड्यात तार घालून स्क्रू पिळायचा, त्याला पुढे पितळेच्या दोन काड्या. दुसऱ्यात तशीच तार, पुढे दोन भोकं. एकात एक खुपसलं की माळ जोडली, ओढलं की सुटली, उघड्या तारेला हात लावायला नको. बाजारात तुम्ही आता असले जोड फेकून देता. तेव्हा ते नवं होतं.

या तुकड्यांना धंद्यात नर आणि मादी म्हणतात. नवा साचा आला की त्यातून निघालेली पहिली जोडी साईं स्वतः जुळवत. एक कानाशी धरून हलवून बघत, मग दुसरा, मग दोन्ही एकमेकांत सरकवत आणि ओरडत, "बारात आ गई!" सगळ्यांना बत्ताशे वाटले जात. पडद्यापलीकडून त्यांची आई लग्नातल्या गाण्याची एक ओळ म्हणे. मला व्यापाऱ्यांना पत्रात 'मेल' आणि 'फीमेल' असे शब्द टाइप करावे लागत, आणि साईंचा आग्रह की जोडीला 'मॅरीड पेअर' लिही. एकदा वडिलांनी माझ्या टाइपिंगची एक रद्द प्रत घरी पाहिली आणि चष्मा काढून विचारलं, "तुमच्या कारखान्यात नक्की तयार काय होतं?"

आता चांगो. त्याच्याशिवाय ही गोष्ट नाही. चांगो मांजर्लीचा. बदलापूरला नदीकाठी आता इमारती आहेत तिथे तेव्हा भातशेती होती. त्याच्या घरची शेतं पावसाळ्यात पुराखाली जात, आणि भात कापून झाला की तो मांडवांच्या वायरिंगची कामं करायचा. साईंचा जोड खऱ्या कामात टिकतो का, ते तोच बघून येई. तिशीचा, सडपातळ, शिडीवर चढताना शीळ घालणारा. त्याची बायको हिरू कधी बाजाराला आली की त्याची भाकरी आमच्याकडे ठेवून जाई. भाकरीचं फडकं आत ठेवताना तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दाराच्या पत्र्यावर वाजत, आणि चांगो तोंड न वळवता म्हणे, "आली मालकीन."

साईंना चिडवायची हिंमत त्याच्या एकट्याची होती.

"साईं, ह्यो तुमचा जोड चालला तं आमी काय करायचा? बायकापोरा बी दिव्यांच्या माला लावतील. वायरमन कोनाला पायजे?"

"तू बटन दबा. राजा जैसा."

"म्हंजे आमची रोजी मारताय."

"रोजी नहीं मारता, चांगो. तेरी उमर बढाता हूँ."

चांगोने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. "ऐकलंस का बाय? साईंच्या बोलीत बढवायचा म्हंजे काय, तुला म्हाईत हाय ना? माजा दिवा घालवतान हे!"

सगळे हसले. साईं हसले नाहीत. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या, चांगोला बसवून पाणी पाजलं, आणि त्या दिवशी त्याला शिडीवर चढू दिलं नाही.

त्या हिवाळ्यात बातमी उठली की सरकार बराकी रिकाम्या करून घेणार. साईंची आई आजारी असायची. तिला पुन्हा एकदा दुसरीकडे हलवायचं, या विचाराने साईं खचले होते. त्याच सुमारास अंबरनाथच्या एका मैदानावर मांडव घालून छोट्या कारखानदारांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. ज्याचा माल बघायला येणाऱ्या मोठ्या सरकारी साहेबांना पसंत पडेल त्याला अंबरनाथला पक्की शेड मिळण्याची शक्यता होती. शेडला लागून एक खोली. सिमेंटचं छप्पर. साईं आईला पडद्यातून सांगत, "अम्मा, वहाँ से कोई नहीं उठाएगा." साईंना फक्त तेवढंच हवं होतं: जिथून कुणी उठवणार नाही असं एक घर.

प्रदर्शनात बघण्यासारखं पुष्कळ होतं. टेबलावरचे दिवे, छताचे पंखे, चिनी मातीची बटणं. सगळ्यांत मोठी रांग ट्यूबलाइटपुढे. लोकांनी तशी दुधी नळी कधी पाहिली नव्हती. तिच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे तापातून उठल्यासारखे दिसत, तरी बायका मुलांना उचलून दाखवत होत्या. आमच्या जागेवर चांगोने बांबूची कमान उभारली होती आणि तिच्यावर दिव्यांच्या दोन माळा लावल्या होत्या, एक खाली, एक वर. दोन्ही माळा साईंच्या जोडांनी जोडलेल्या.

मांडवाचा मुख्य बोर्ड दुसऱ्या टोकाला, प्रवेशाजवळ होता. त्याला प्रदर्शनाच्या माणसाखेरीज कुणी हात लावायचा नाही असा नियम. तो माणूस साताऱ्याकडचा, नोकरीला नवा, कामाला अतिशय चोख. सकाळी मुद्दाम येऊन मला विचारून गेला, "ताई, कुठला खटका कुठल्या माळेचा, तेवढं सांगून ठेवा. ऐनवेळी गडबड नको." मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून दाखवलं. डावा खटका खालची माळ, उजवा वरची.

दिवेलागणीला मोठे साहेब आले. आमच्यापासून दोन जागा अलीकडे होते, तेव्हा वरच्या माळेतल्या एका जोडातून तार सुटून लोंबायला लागली. वरची माळ अजून पेटवलेलीच नव्हती. साईं म्हणाले, खालची जळू दे, साहेबांना काहीतरी दिसलं पाहिजे. वरची तेवढ्यात नीट करू. चांगो शिडीवर चढला. साईंनी शिडीचे पाय धरले. मी छापील माहितीपत्रकं घेऊन बाजूला उभी.

वरची माळ बंद असली तरी चांगो तारेला पकडीनेच धरून काम करत होता. परक्या बोर्डावर तो विश्वास ठेवायचा नाही. मग वास आला. बेकलाइट जळू लागलं की कुजक्या मासळीसारखा वास येतो. खालच्या माळेतल्या एका जोडातून धूर निघत होता. साहेब शेजारच्या जागेपर्यंत आले होते.

शिडी सोडता येत नव्हती. साईंनी मान वळवून, मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात हाक दिली, "बत्ती बढाओ! ओ भाई! बढाओ!"

ती हाक दोघांनी ऐकली. चांगोला साईंची बोली ठाऊक होती. आता सगळं बंद होणार, हे त्याने गृहीत धरलं. पकड कमरेला खोचली, आणि काम पटकन उरकावं म्हणून तारेचं एकेक टोक एकेका हातात घेतलं. बोर्डाजवळच्या माणसाला साईंची बोली ठाऊक नव्हती. त्याने उजवा खटकाही लावला.

वरची माळ अर्धी पेटली. चांगोच्या हातापर्यंत.

लोकांना वाटलं, हाच तो खेळ. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साईंना वर बघून कळलं. ते ओरडू लागले, आणि त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघेना. "बढाओ! अरे बढाओ! बढाओ!" तो माणूस टाचा उंचावून आमच्याकडे बघत होता. त्याने दोन्ही हात पसरून दाखवले: आणखी खटका नाही. मग मी किंचाळले, "बंद करा! बंद!" आणि अंधार झाला. शिडीवरून काहीतरी जड खाली आलं. पुन्हा दिवे लागले तेव्हा साईं जमिनीवर बसले होते आणि चांगोचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मांडवातच कुणी डॉक्टर निघाला. त्याने नाडी बघितली आणि आपला हात काढून घेतला.

चौकशी तिथल्याच एका तंबूत झाली. पोलीस होते, वीजखात्याचा एक अधिकारी होता. बोर्डाजवळचा माणूस भिंतीला टेकावं तसा तंबूच्या खांबाला टेकून एकच वाक्य म्हणत होता. "ते म्हणाले वाढवा. मी वाढवलं. साहेब, ते म्हणाले वाढवा."

अधिकाऱ्याने साईंना विचारलं, "आपने क्या कहा था?"

"यही. इसने ठीक सुना. इसका कोई कसूर नहीं."

"म्हणजे तुम्हीच दिवे वाढवायला सांगितलं? माणूस वर असताना?"

मी पुढे होऊन इंग्रजीत सांगितलं की यांच्या बोलण्यात दिवा वाढवणं म्हणजे दिवा घालवणं. जुन्या वळणाची माणसं अशुभ टाळायला असं बोलतात. अधिकारी म्हणाला, "आणि यांना खरंच उजेड वाढवून हवा असेल, तर हे काय म्हणतात?"

कारखान्यात कधी कुणी उजेड वाढवून मागितलाच नव्हता.

अधिकाऱ्याने पुन्हा साईंना विचारलं, "बोलायचं काय होतं तुम्हाला? तो शब्द सांगा." साईंनी दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा शब्द निघाला, लहान मुलाने पहिल्यांदा म्हणावा तसा. "बुझाओ. बत्ती बुझाओ. ये बोलना था." बाहेर तोवर पुन्हा ट्यूबलाइटपुढे रांग लागली होती.

दुसऱ्या दिवशी चांगोला मांजर्लीला नेलं. माझ्या वडिलांनी मला जाऊ नको म्हटलं, पण साईंना मराठी नीट येत नव्हती आणि त्यांच्याबरोबर कुणीतरी हवं होतं. शेवटी वडील स्वतः आमच्याबरोबर आले. अंगणात माणसं दाटली होती. साईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. आतून एक म्हातारी दारात आली आणि म्हणाली, "बाप्यांनी जरा भायेर सरा. हिच्या बांगड्या वाढवायच्या हायेत."

साईंनी मान वर केली. एवढा एक शब्द त्यांना कळला.

"बेटी, क्या बढा रहे हैं?"

"बांगड्या, साईं."

"नई पहनाएँगे?"

मी म्हटलं, "नाही. फोडणार."

"तुम लोगों में भी ऐसा बोलते हैं?"

"हो."

"फिर वो क्यों नहीं समझा?"

"दिव्याला आम्ही तसं नाही म्हणत, साईं. दिवा मालवतो. बांगडी वाढवतो."

आतून दगडाचा आवाज आला. मग काचेचा. हिरूचा आवाज आला नाही, ती आधीच ओरडून थकली असावी. साईं वळले आणि शेतातल्या बांधावरून सरळ चालू लागले. वडिलांनी त्यांना मागून गाठून रस्त्यावर आणलं. मांजर्लीच्या वाटेला ते पुन्हा कधी गेले नाहीत.

पुढे असं निघालं की दोष साईंच्या जोडाचा नव्हता. प्रदर्शनवाल्यांनी दिलेली तार हलकी होती, ती तापली. साहेबांनी निरोप धाडला, शेडचा विचार होऊ शकेल. साईंनी उत्तर पाठवलं नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "उसमें पहली बत्ती कौन जलाएगा?" बराकी रिकाम्या करायची बातमीही शेवटी बातमीच राहिली. त्यांना कुणी उठवलं नाही. उठवणारच नव्हते.

प्रदर्शनानंतर कारखाना उघडला त्या संध्याकाळी साईं स्वतः बटणाजवळ जाऊन उभे राहिले. "बुझा रहा हूँ," ते मोठ्यांदा म्हणाले. कामगार एकमेकांकडे बघायला लागले. "बोलो! सुना कि नहीं? बुझा रहा हूँ!" कुणीतरी चाचरत म्हणालं, "बुझाओ." बटण दाबलं. "क्या हुआ?" अंधारातून दोघेतिघे म्हणाले, "बुझ गई." पडद्यामागे भांडं पडल्याचा आवाज झाला. त्यांची आई पडदा धरून उभी होती, आणि तिने दोन्ही हात कानांवर घेतले.

त्यानंतर रोज तसंच. मऊ शब्द सगळे गेले. बल्ब 'मर गया'. दुकान 'बंद'. गिऱ्हाईक उठलं तर 'जाओ'. कॅम्पातले लोक म्हणाले, साईं बिघडले. नव्या साच्यातून पहिली जोडी निघाली तेव्हा त्यांनी ती नुसती पेटीत टाकली, बत्ताशे आले नाहीत. चहाच्या वेळचं ते वाक्यही मी पुन्हा ऐकलं नाही. मिठाईवाल्याने एकदा समेट करावा म्हणून येऊन स्वतःच विचारलं, "साईं, घर की बत्ती कैसी है?" साईं कप खाली ठेवून आत निघून गेले.

मला ती रोजची हाकाटी आधी भयंकर वाटे. मग एके दिवशी लक्षात आलं की घरीही मी बटणाजवळ थांबते आहे, कुणी 'हो' म्हणायची वाट बघते आहे. तेव्हापासून मी थांबतेच. आता तुम्हीही थांबा. कुणी हसलं तर हसू दे.

माझं लग्न ठरल्यावर मी आमंत्रण द्यायला गेले, ती आमची शेवटची भेट. दुपार कलली होती. त्यांची आई खाटेवर होती, अंगात काही उरलं नव्हतं. पाहुण्याला कळावं म्हणून ती दोघं माझ्यासमोर नेहमी हिंदी बोलत. त्या दिवशीही त्यांनी ती रीत सोडली नाही. म्हातारीने माझा हात हातात घेतला, मनगटावरच्या बांगड्यांवरून अंगठा फिरवला. मग माझ्यावरून नजर काढून तिने मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "बेटा, घर में बत्ती जल रही है ना?"

साईं पायथ्याशी उभे होते. इतक्या दिवसांत त्या माणसाच्या तोंडून एकही मऊ शब्द निघाला नव्हता. ओठ हलले, आणि मला वाटलं आता 'बुझ गई' येणार. मी खाली बघितलं.

"बढ गई, अम्मा," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"हाँ," ती म्हणाली. "तेल मैंने बहुत डाला था."